थेरपी अडली आहे, मेंदूच्या लहरी दाखवणाऱ्या मशीनचा उपयोग होतो का? (बेळगाव भागातले अनुभव हवेत)

मलप्रभाकाठ · १२ जून, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय घरचा आहे.

आमच्या ह्यांचं उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. २०२१ च्या मे महिन्यात माझे धाकटे दीर कोविडमध्ये गेले. दोघे भाऊ एकाच लेथवर काम शिकलेले. त्यानंतर वर्षभर ह्यांनी सगळं सांभाळलं, कामगारांचे पगार, दिरांच्या मुलीची फी, काही कमी पडू दिलं नाही. मग एक दिवस काँग्रेस रोडवर गाडी चालवताना छाती आवळली, घाम फुटला, हात बधिर झाले. हार्टचं म्हणून धावपळ केली. ईसीजी, टूडी इको, सगळं नॉर्मल. तसंच पुन्हा झालं, पुन्हा झालं. शेवटी निदान झालं पॅनिक अटॅकचं. गोळी सुरू आहे आणि आठ महिने दर आठवड्याला सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जातो.

मॅडम मनापासून करतात. त्या कन्नड भाषिक, मराठी चांगलं समजतं, बोलतात थोडं अडखळत. ह्यांना कन्नड येतं, धंदाच त्यावर चालतो. पण “कसं वाटतंय?” म्हटलं की ह्यांचं एकच उत्तर, “बरं आहे की.” आठ महिन्यांत दिरांचं नाव एकदाही तोंडातून आलेलं नाही. घरी येताना म्हणतात, “हिशोबाचं सगळं कन्नडात येतं, पोटातलं येत नाही.” मराठीत विचारलं तरी येत नाही, हेही खरं.

परवा मॅडमनी न्यूरोफीडबॅक सुचवलं. डोक्याला सेन्सर लावून मेंदूच्या लहरी स्क्रीनवर दाखवतात आणि त्या बघत बघत माणूस स्वतःला शांत करायला शिकतो, असं काहीसं. वीस बैठका, प्रत्येकीचे आठशे रुपये वेगळे. हे लगेच तयार झाले, मशीन म्हटल्यावर! मी मात्र घाबरलेय. बोलून जे सुटलं नाही ते मशीन सोडवेल का? कुणी केलंय का?

राजहंसगड · १२ जून, रात्री १०.३१

ताई, शॉक देतात ते हेच काय ओ? आमच्या मामांना पूर्वी दिले होते, अख्खं घर घाबरलं होतं. नीट चौकशी केल्याशिवाय जाऊ नका.

लहरी_टिपणारी · १२ जून, रात्री ११.१२

राजहंसगड, ते पूर्णपणे वेगळं. ह्यात डोक्यात काहीही जात नाही. मी अठरा वर्षं हॉस्पिटलात ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, काढतेय, म्हणून ठामपणे सांगते.

मेंदूतल्या पेशींचा जो विजेचा खेळ चालतो त्याचा अगदी बारीक अंश टाळूवर पोचतो. व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट, तसे दहा ते शंभर. तो टिपायचा म्हणून आम्ही केसांतून भांग पाडतो, तिथली कातडी खरखरीत जेलने हलकेच घासतो, पांढरी चिकट पेस्ट लावून चकती बसवतो. कानाच्या पाळीला एक चिमटा. दुखत नाही, फक्त घरी जाऊन केस धुवावे लागतात आणि ती पेस्ट गार पाण्याने हटत नाही. कोमट पाणी घ्या.

ज्या १९२४ साली आपल्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच वर्षी जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर ह्या डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला. छापायला १९२९ उजाडलं. डोळे मिटून निवांत बसलं की सेकंदाला आठ ते तेरा वेळा उठणारी एक डौलदार लहर दिसते, आणि डोळे उघडले की ती पुसली जाते, हे त्यांनी पाहिलं. मी रोज बघते. अठरा वर्षांनंतरही “डोळे मिटा” म्हटल्यावर ती लहर उमटली की मला बरं वाटतं.

न्यूरोफीडबॅकमध्ये हाच आलेख कॉम्प्युटर त्याच क्षणी मोजतो आणि हवी ती लहर वाढली की आवाज नाहीतर चित्र देतो. एवढंच. पण ताई, एक लक्षात ठेवा. डोळ्याची पापणी लवली, दात आवळले, कपाळाला आठी पडली, तर त्याची वीज मेंदूच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठी असते. चालवणारा माणूस तयार नसेल तर तुम्ही मेंदू शिकवताय की जबडा, हेच कळणार नाही.

चिकोडीचा_बाबा · १३ जून, सकाळी ७.५०

मी केलंय. मुलासाठी. म्हणून लिहितो, कुणाचा हुरूप घालवायचा म्हणून नाही.

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. वर्गात बसत नाही, वही पूर्ण करत नाही, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या त्रासाचं, निदान झालेलं. एका मोठ्या शहरातल्या केंद्रात नेलं. त्यांनी मेंदूचा रंगीत नकाशा काढून दाखवला, लाल म्हणजे बिघाड म्हणाले. तो लाल ठिपका बघून बायको तिथेच रडली. चाळीस बैठकांचं पॅकेज, साठ हजार, आगाऊ. तीन महिने आम्ही तिथे खोली घेऊन राहिलो. मशीन चालवायला एक नुकताच कॉमर्स झालेला पोरगा. स्क्रीनवर गाडी, लक्ष असलं की गाडी पळते. माझा मुलगा गाडी फार छान पळवायला शिकला. शाळेत मात्र पहिले पाढे पंचावन्न. बोलणारं, समजून घेणारं तिथे कुणी नव्हतंच.

पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी गोळी दिली, झोपेची वेळ बांधून दिली, बाईंनी पहिल्या बाकावर घेतलं, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. आज सातवीत आहे, बरं चाललंय. त्या साठ हजारांसाठी बायकोची पाटली गेली, ते अजून सलतं.

राजहंसगड · १३ जून, सकाळी ८.१५

बाबा, वाचून वाईट वाटलं. आगाऊ पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

वडगावचा_माग · १३ जून, रात्री ९.२०

मी वडगावचा. चार माग आहेत. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

मला दारू सोडून तीन वर्सं दोन महिने झाले. आधी दोनदा सोडलो, दोनदा परत धरलो. तिसऱ्यांदा ज्या सरांकडे गेलो ते बोलणं पण करत होते आणि हे मशीन पण लावत होते. कानाला चिमटा लावले, डोक्याला दोन वायरी, खुर्ची मागं केले, डोळे मिट म्हणाले. मी काय करायचं विचारलो. सर म्हणाले, काय करू नको. एक लहर वाढली की ओढ्याचं पाणी वाजतंय, दुसरी वाढली की समुद्र वाजतंय. पहिले चार दिवस मला काय सुद्धा ऐकू आलं नाही. पाचव्या दिवशी ओढा वाजला आणि मी दचकलो, लगेच बंद.

आता माझं ऐका. मागावर आम्ही डोळ्यानं कमी, कानानं जास्त बघतो. चार माग एकदम धडधडत असले तरी कुठल्या मागाचा धोटा अडकला ते पाठ करून उभा असलो तरी कळतंय. आवाज बदलला म्हणजे कुठंतरी तुटलं. तसंच झालं. ओढा वाजत असायचा आणि मधेच गप्प व्हायचा. सर लगेच विचारायचे, “आत्ता काय आलं मनात?” पहिल्यांदा मी काय नाही म्हणालो. मग खरं सांगितलो. संध्याकाळी सहाला माग बंद केलं की जी शांतता होते ना, ती आठवली होती. आमचे वडील त्याच वेळेला पिऊन यायचे. लहानपणी माग बंद झाला की मी आणि बहीण माळ्यावर जाऊन बसायचो. मी प्यायला लागलो ते पण सहालाच. हे मला चाळीस वर्सं माहीत नव्हतं.

मशीन दारू सोडवलं नाही. मशीन दाखवलं, मी कुठं तुटतो ते. सोडवलं ते सरांच्या बोलण्यानं आणि बायकोनं. आता सहाला माग बंद करून मी रेडिओ लावतो आणि पोरीला घेऊन क्लासला सोडायला जातो.

मलप्रभाकाठ ताई, दाजींना जाऊ द्या. पण खोलीत विचारणारं माणूस पाहिजे.

शेवंती_अनगोळ · १३ जून, रात्री ९.४४

वडगावचे दादा, तुमचं लिहिणं वाचून डोळे भरले. लिहायची सवय नाही म्हणू नका.

खानापूर_धारवाड · १४ जून, दुपारी ३.३०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. माहेर खानापूर, नोकरी धारवाडला. वरच्या तिघांनी तीन खऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्या एकमेकींना खोडत नाहीत.

हे शास्त्र नवं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत ज्यो कामिया नावाच्या संशोधकांनी लोकांना डोळे मिटून बसवलं आणि मधेच घंटा वाजवून विचारलं, आत्ता तुमची अल्फा लहर (वर सांगितलेली, डोळे मिटल्यावर उमटणारी) चालू आहे की नाही, ओळखा. उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगत गेले. थोड्याच दिवसांत लोकांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येऊ लागला. आपल्या आतली जी गोष्ट कधीच जाणवत नाही ती कुणीतरी लगेच दाखवली तर जाणवायला लागते, ह्या सगळ्याचं मूळ ते. मग लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टरमन यांनी मांजरांना एक ठरावीक लहर वाढवायला शिकवलं, बक्षीस म्हणून दूध आणि कोंबडीचा रस्सा. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाची तपासणी त्याच मांजरांवर झाली, तेव्हा ही शिकलेली मांजरं फेफऱ्याला इतरांपेक्षा जास्त वेळ दाद देईनात. त्यातून फिट येणाऱ्या माणसांवर प्रयोग झाले, टेनेसीत जोएल लुबार यांनी चंचल मुलांवर केले. वडगावच्या दादांनी सांगितलेली ओढा-समुद्राची पद्धत १९८९ साली पेनिस्टन आणि कुल्कोस्की यांनी दारूच्या रुग्णांवर वापरली. निकाल उत्साहाचे होते, पण माणसं अगदी थोडी.

आता चिकोडीच्या बाबांचं. २०२१ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेली ७ ते १० वर्षांची १४४ मुलं, प्रत्येकी ३८ बैठकांचं नियोजन. काहींना त्यांच्या स्वतःच्या लहरींवरून खेळ, बाकीच्यांना दुसऱ्याच मुलाच्या आधी टिपून ठेवलेल्या लहरींवरून. कुणाला कुठलं, हे मुलांना, पालकांना, शिकवणाऱ्यांना कुणालाच माहीत नाही. दोन्ही गट सुधारले आणि सारखेच सुधारले. पुढे २०२४ च्या सुमारास ३८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही असंच दिसलं: मोजणाऱ्याला गट माहीत नसेल तर एडीएचडीच्या लक्षणांत म्हणावा असा फरक दिसत नाही. म्हणून बाबा, तुमच्या मुलाचं जे झालं त्यात तुमची किंवा त्याची काही चूक नव्हती. आणि तो लाल ठिपका विसरून जा. चहा, झोप, औषध, बसण्याची पद्धत, कशानेही तो रंग बदलतो. नुसत्या नकाशावरून निदान करायचंच नसतं.

जुन्या मानसिक आघाताच्या बाबतीत २०१६ मध्ये ५२ जणांवर बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २४ बैठकांचा अभ्यास केला, त्यात चांगला फरक दिसला. पण तुलना उपचार न मिळता नुसती वाट बघणाऱ्या गटाशी होती, त्यामुळे त्यावर घर बांधता येत नाही. आपल्या बंगळूरच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेतही डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर न्यूरोफीडबॅकचा अभ्यास झालेला आहे.

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. स्वतंत्र उपचार म्हणून मी हे कुणाला सुचवणार नाही. चालू असलेल्या थेरपीला आधार म्हणून, तेही शब्द न सापडणाऱ्या माणसासाठी, सुचवीन. मॅडमना मोकळेपणाने विचारा की मशीनवर त्या स्वतः बसणार की कुणी मदतनीस, आणि सहाव्या बैठकीनंतर फरक पडला की नाही ते कशावरून ठरवणार. आलेखावरून म्हणाल्या तर थोडं सावध व्हा. “काँग्रेस रोडवरून गाडी चालवता येते का ह्यावरून” म्हणाल्या तर निश्चिंत जा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती बघण्यात संकोच नको. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही.

राजहंसगड · १४ जून, दुपारी ४.०२

मॅडम, खोट्या लहरींनीही पोरं सुधारली म्हणजे ही मनाची समजूतच झाली की. मग आठशे रुपये कशाला? कपिलेश्वरला जाऊन अर्धा तास बसलं तरी चालेल.

खानापूर_धारवाड · १४ जून, सायं. ६.१०

कपिलेश्वरला जरूर बसा, मीही बसते. पण बघा, त्या दुसऱ्या गटातली मुलं तरी रिकामी कुठे होती? आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी मोठं माणूस त्यांच्यासाठी वेळ काढून बसत होतं, शांत बसल्याचं कौतुक करत होतं. माझ्या मते तोही उपचारच. मशीनने त्यावर काही भर घातली नाही, एवढं त्या अभ्यासाने सांगितलं. म्हणूनच म्हणते, मशीनपेक्षा समोर बसणारं माणूस पारखून घ्या.

लहरी_टिपणारी · १४ जून, सायं. ७.३५

मॅडमचं बाकी सगळं पटलं, एका गोष्टीवर मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. आलेखावरून फरक मोजू नये, मान्य. पण आलेख माणसाला दाखवावा. कितीतरी पेशंट मला विचारतात, “बाई, माझ्या डोक्यात काही आहे का ओ, की मी नाटक करतोय?” घरच्यांनी वर्षानुवर्षं ऐकवलेलं असतं. डोळे मिटल्यावर उमटलेली स्वतःची लहर दाखवली की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. त्या लहरीत आजार दिसत नाही, मी तसं सांगतही नाही. पण आत काहीतरी चालतंय आणि ते दिसू शकतं, ह्याचाच काहींना आधार होतो.

शेवंती_अनगोळ · १४ जून, रात्री ८.०५

ऑनलाइन हेडबँड मिळतात, फोनला जोडायचे. ते घरी चालतील का? मला झोपेचा त्रास आहे.

लहरी_टिपणारी · १४ जून, रात्री ८.२२

कपाळावरची पट्टी कपाळाचे स्नायू आणि डोळ्यांची हालचालच जास्त पकडते. त्यावर उपचार म्हणून अवलंबून राहू नका. झोपेसाठी आधी डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडातही.

घटप्रभेचा_मुलगा · १५ जून, सकाळी ११.४०

मी गोकाकचा, मातृभाषा कन्नड. शेजारी मराठी, म्हणून वाचता येतं, लिहिताना चुकेन.

ताईंनी भाषेचं लिहिलं, त्यावर सांगतो. आमच्या घरी उलट झालं. आईला डिप्रेशन होतं. नातेवाईक मिरजेला म्हणून तिकडे नेलो. तिथले समुपदेशक मराठी, आईला फक्त कन्नड. मधे मी बसायचो, तिचं मराठीत सांगायचो, त्यांचं कन्नडात सांगायचो. चार वेळा गेलो, काही उपयोग नाही. पाचव्या वेळेला तिथल्या नर्सबाई कन्नडच्या निघाल्या, विजापूरकडच्या. त्या मला बाहेर बसा म्हणाल्या. पंचवीस मिनिटं. नंतर कळलं, आईचं दुःख माझ्याबद्दलच होतं. मी वेगळं राहायचं ठरवलो होतो ते. माझ्यासमोर, माझ्याच तोंडून ती कसं सांगणार?

म्हणून ताई, मॅडमना म्हणावं, दाजींना मराठीतच बोलू द्या. त्यांना समजतं ना? उत्तर कन्नडात दिलं तरी चालेल. ऐकणाऱ्याला कळलं म्हणजे झालं.

मलप्रभाकाठ · १५ जून, दुपारी १.१५

घटप्रभेचे दादा, हे आम्हाला सुचलंच नव्हतं! दोघंही एकमेकांच्या सोयीसाठी कन्नडात बोलत राहिले आठ महिने. विचारते.

चिकोडीचा_बाबा · १५ जून, दुपारी २.०५

धारवाडच्या मॅडम, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. लाल ठिपक्याचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पुन्हा एकदा वाचा. तुमचे आभार कसे मानू?

खानापूर_धारवाड · १५ जून, सायं. ५.४०

बाबा, आभार नकोत. वहिनींना माझा नमस्कार सांगा. मुलाला पहिल्या बाकावर घेणाऱ्या त्या बाईंनाही सांगा.

राजहंसगड · १५ जून, सायं. ६.००

धारवाडला येतोय शनिवारी लग्नाला. मॅडम, पेढे तुमच्याकडून, कुंदा माझ्याकडून.

खानापूर_धारवाड · १५ जून, सायं. ६.३०

शनिवारी मी कित्तूर ओलांडून खानापूरच्या वाटेला लागलेली असते. कुंदा खानापूर स्टँडवरच द्या!

मलप्रभाकाठ · ९ ऑगस्ट, रात्री ९.५०

मंडळी, धागा वर आणतेय. नऊ बैठका झाल्या. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

मॅडमना सगळे प्रश्न विचारले. मशीनवर त्या स्वतः बसतात, पैसे दर वेळचे दर वेळी घेतात. आणि मराठीत बोलायचं विचारल्यावर त्यांनाच भरून आलं, म्हणाल्या, मला वाटायचं माझं मराठी ऐकून त्यांना त्रास होतो.

पहिल्या दिवशी ह्यांनी खुर्चीत बसता बसता विचारलं, “मॅडम, ह्याचं कॅलिब्रेशन कधी झालं?” मॅडम हसल्या आणि मॉनिटर ह्यांच्याकडे वळवला. प्रत्येक चकतीचा कातडीशी संपर्क किती चांगला आहे त्याचा आकडा येतो, पाच किलोओहमच्या खाली आला की सुरू करायचं. एक चकती सातवर होती. मॅडमनी काढून पुन्हा घासून लावली, तीनवर आली. त्या क्षणी ह्यांचा त्या खोलीवर विश्वास बसला, मी समोर होते म्हणून सांगते. आठ महिने जे जमलं नव्हतं ते त्या चकतीने केलं.

स्क्रीनवर नदी आणि होडी. मन बसलं की होडी सरकते, दात आवळले की धुकं येतं. दोन-तीन बैठका नुसतं धुकं. चौथ्या दिवशी रात्री जेवताना हे म्हणाले, “मी लेथवर तुकडा कापायचं पार्टिंगचं टूल लावताना दात आवळतो, आज कळलं.” मग वर्कशॉपमध्ये मशीन बंद करून, जबडा सैल सोडून, पुन्हा सुरू करायला लागले.

सहाव्या बैठकीला होडी छान चालली होती. मॅडमनी हळूच विचारलं, “भावाचं स्टूल अजून वर्कशॉपमध्ये आहे का?” होडी जागच्या जागी थांबली. ह्यांनी तोंड उघडायच्या आधी. आणि हेच म्हणाले, “थांबलं बघा.” मॅडम काही बोलल्या नाहीत. वडगावच्या दादा, तुमचा ओढा मला तेव्हा आठवला.

मग हे मराठीत बोलायला लागले. मी बाहेर जाते म्हटलं, तर हात धरून बसवलं. त्या मे महिन्यात दिरांसाठी एका ठिकाणी बेड मिळत होता. ह्यांनी तो सोडला, दुसरीकडे व्हेंटिलेटरवाला मिळेल म्हणून. मिळाला तो सहा तासांनी. हे ओझं ह्या माणसाने एकट्याने वाहिलं, मला, सासूबाईंना, जावेला कुणाला सांगितलं नाही. पाऊण तास बोलत होते. मॅडमनी मधेच उठून डोक्याच्या चकत्या काढल्या, त्यांना कळलंही नाही, पेस्टचे पांढरे ठिपके तसेच केसांत.

पुढच्या दोन बैठका मशीन लावलंच नाही. नुसतं बोलणं. गेल्या आठवड्यात जावेला घरी बोलावून ह्यांनी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, “भाऊजी, मला माहीत होतं. तुमच्या भावानेच फोनवर सांगितलं होतं, दादाने चांगल्यासाठी केलंय म्हणून.”

अटॅक थांबलेत का? नाही. जुलैत दोन आले. पूर्वी आठवड्याला यायचे. गोळी चालूच आहे. गोळीने किती, बोलण्याने किती आणि होडीने किती, ते मला वेगळं काढता येत नाही. मी काढायच्या नादालाही लागत नाही. मॅडम म्हणतात, अजून तीन वेळा मशीन लावू, मग पुरे. वीस लागणार नाहीत.

शेवंती_अनगोळ · ९ ऑगस्ट, रात्री १०.०२

ताई, जावेचं वाक्य वाचून पुढे वाचवेना.

खानापूर_धारवाड · १० ऑगस्ट, सकाळी ८.४५

तुमच्या मॅडमनी ज्या क्षणी चकत्या काढल्या, तो क्षण ओळखणं हीच त्यांची खरी पात्रता. त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि थांबायचं आधीच ठरलंय, हे फार चांगलं.

चिकोडीचा_बाबा · १० ऑगस्ट, सकाळी ९.३०

फार समाधान वाटलं. तरी नवीन वाचणाऱ्यांसाठी माझं म्हणणं कायम ठेवतो: लहान मुलांना घेऊन धावू नका, आणि आगाऊ एक पैसा देऊ नका.

मलप्रभाकाठ · १० ऑगस्ट, सकाळी १०.१०

बाबा, तुमचं आधी वाचलं म्हणूनच मी पैशाचं पहिल्या दिवशी विचारू शकले.

वडगावचा_माग · १० ऑगस्ट, रात्री ८.४०

ताई, लई बरं वाटलं. दाजींना एक विचारा. माझ्या तीन नंबरच्या मागाचा क्रँक शाफ्टचा बुश घासलाय, गनमेटलचा पाहिजे. उद्यमबागेत दोन ठिकाणी फिरलो, एक नग कोण करून देईना झालेत. ते देतील काय?

मलप्रभाकाठ · १० ऑगस्ट, रात्री ९.०५

विचारलं. म्हणाले, गुरुवारी सकाळी या, आणि जुना बुश टाकू नका, नमुन्याला सोबत आणा.